पुस्तकवाल्याच्या घरी पार्सल

दुपारी जेवायला म्हणून जपूनकाका घरी आले, तेव्हा दारात पार्सलवाला उभा होता आणि काकू त्याच्या मोबाईलच्या काचेवर बोटानं सही करत होत्या. पार्सल चपटं होतं, चौकोनी होतं आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावलेला होता. कोपऱ्यांना पुठ्ठा कशासाठी लावतात, हे जपूनकाकांना कुणी सांगायची गरज नव्हती. एकोणतीस वर्षं ते जुनी पुस्तकं विकत होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक," काकू म्हणाल्या आणि कात्री शोधायला आत गेल्या.

आचाऱ्याच्या घरी बाहेरून जेवणाचा डबा यावा, तसं जपूनकाकांना झालं. चप्पल काढायची विसरून ते तसेच आत गेले. "नवीन आहे का?" त्यांनी आशेनं विचारलं. नवीन असतं तर त्यांनी एक वेळ मनाची समजूत घातली असती.

"नवीन कुठलं? जुनंच आहे. रहस्यकथा."

"अगं, पण हे माझ्याकडे आहे! आतल्या खोलीत, खिडकीकडच्या ढिगात, खालून साधारण..."

"पावणेदोन वर्षांपूर्वी मागितलं होतं मी."

"सापडलं की देणारच होतो."

"त्याला पाच मिनिटांत सापडलं."

"त्याला म्हणजे कुणाला?"

"'दुसरं वाचन'वाल्याला. ऑनलाइन दुकान आहे त्याचं. सगळे तिथूनच मागवतात हल्ली."

'सगळे' हा शब्द जपूनकाकांना लागला, पण त्याहून वाईट पुढे होतं. काकूंनी पुस्तक उघडलं आणि आतून एक चिठ्ठी निघाली. पिवळट कागद, निळी शाई, आणि अक्षर असं की ओळीखाली रेघ नसूनही रेघ असल्यासारखं वाटावं. काकूंनी ती मोठ्यानं वाचली. 'पान चौऱ्याऐंशी सुटं झालं होतं, चिकटवलं आहे. आधीच्या वाचकानं पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. ती खोडली आहे, तुमची मजा जाऊ नये म्हणून. कुठली रेघ होती ते शोधत बसू नका. – दु. वा.'

काकू खळखळून हसल्या. मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली, नीट दुमडली आणि आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात आजवर काकूंच्या आईचा फोटो सोडून काहीही गेलेलं नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात जपूनकाकांनी बायकोला लिहिलेले कागद म्हणजे 'दूध घेऊन ठेव' आणि 'किल्ली शेजारी आहे' एवढेच. ते कोण कशाला जपून ठेवील?

त्या दिवशी जपूनकाका अर्ध्या जेवणावरून उठले.

त्यांना जपूनकाका हे नाव गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. दुकानात कुणी फळीवरच्या पुस्तकाला हात लावला की कुठूनतरी आवाज यायचा, "जपून!" कित्येक जण दचकून पुस्तक परत ठेवत आणि निघून जात. दुकानात अकरा हजार पुस्तकं होती. कुठलं कुठे आहे, हे फक्त काकांच्या डोक्यात होतं आणि तिथूनही ते दरवेळी सापडेलच असं नव्हतं. हल्ली दिवसभरात गिऱ्हाइकं कमी आणि पंख्याची कुरकुरच जास्त ऐकू येई. वर्षअखेरीला दुकान बंद करावं का, हा विचार ते महिनाभर करत होते. बंद करायचं दुःख होतंच. पण आपलं दुकान बंद पडत असताना दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठ्या बायका पर्समध्ये ठेवतात, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

शेजारी सलून होतं. सलूनवाला नुसता बसलेला होता. काका त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"दाढी?"

"दाढी राहू दे. तुझा फोन काढ. 'दुसरं वाचन' म्हणून काय आहे बघ." स्वतःच्या फोनवर शत्रूचं दुकान उघडायचं नाही, एवढा बाणा काकांनी राखला होता.

सलूनवाल्यानं बघितलं. "बापरे! काका, पाच-पाच तारे दिलेत लोकांनी. एक बाई लिहितात, 'चिठ्ठी वाचून डोळे भरून आले.' दुसरा म्हणतो, 'पुस्तक अजून उघडलं नाही, चिठ्ठी चार वेळा वाचली.'"

"नावं ठेवणारं कुणी नाही?"

"आहे की. एकानं चारच दिलेत."

"वाच, वाच!" काका खुर्चीत सरसावून बसले.

"'एक तारा कमी, कारण चिठ्ठी लहान होती.'"

काकांनी समोरच्या आरशात पाहिलं. आपलं तोंड इतकं लांबट आहे हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. तिथेच त्यांनी ठरवलं की या माणसाची एक तरी चूक काढायची आणि ती चारचौघांत मांडायची. त्यासाठी सलूनवाल्याच्या नावानं पुस्तक मागवायचं.

"माझ्या नावानं? अहो, शाळा सुटल्यापासून मी दरफलकाशिवाय काही वाचलेलं नाही."

"तुला कोण वाचायला सांगतंय? तू फक्त मागव. खोट मी काढतो."

त्यांनी मुद्दाम जुनं, जाडजूड, एका जहाजावरच्या प्रवासाचं पुस्तक निवडलं. असल्या पुस्तकाची शिवण हमखास उसवलेली असते. तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. काकांनी भिंग आणलं होतं. शिवण तपासली, पानं मोजली, पुठ्ठा नखानं खरवडून पाहिला. एका पानाचा तुटलेला कोपरा त्याच रंगाचा कागद शोधून इतक्या सफाईनं जोडला होता की काकांना आधी कौतुक वाटलं आणि मग त्या कौतुकाचाच राग आला.

तेवढ्यात सलूनवाल्यानं चिठ्ठी उचलली. 'पत्त्यात सलून दिसलं, म्हणून एक विनंती. गिऱ्हाइकाची दाढी चालू असताना तिसरं प्रकरण वाचू नये. जहाजावरचा आचारी फार हसवतो आणि तुमच्या हातात वस्तरा असेल.'

असं म्हटल्यावर कोण थांबतो? सलूनवाल्यानं उभ्याउभ्या तिसरं प्रकरण उघडलं. पाच वाजता एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं. साडेपाचला त्या फेसानं वाळून पापडी धरली, पण गिऱ्हाईक तक्रार करेना. उलट म्हणालं, "मनातल्या मनात काय हसताय? मोठ्यानं वाचा की." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुढचं ऐकायला दाढी वाढलेली नसतानाच आले आणि येताना साडूला घेऊन आले. आठवड्याभरात सलूनच्या बाकावर जागा मिळेना, आणि ऐकायला बसलेल्यांपैकी तिघांनी 'दुसरं वाचन'वरून आपापली पुस्तकं मागवली. आपल्या भिंतीला लागून, आपल्याच खटाटोपानं, शत्रूची शाखा उघडली आहे हे काकांना कळून चुकलं.

"एकोणतीस वर्षं शेजारी आहेस," ते सलूनवाल्याला म्हणाले, "माझं एक पुस्तक कधी उघडलं नाहीस!"

"एकदा उघडणार होतो. तुम्ही एवढ्या जोरात 'जपून' ओरडलात, की मी परत त्या बाजूला फिरकलोच नाही."

काकांनी त्याच रागात सलूनवाल्याच्या फोनवरून एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'पुस्तकाला वास येतो.' जुन्या पुस्तकाला वास येणारच. स्वतःच्या दुकानात कुणी असं म्हटलं असतं तर काकांनी त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं असतं. तासाभरात उत्तर आलं. 'वासाबद्दल मनापासून दिलगिरी. दुसरी प्रत उद्या निघेल. पहिली परत पाठवू नका, कुणा मित्राला द्या.'

दुसरी प्रत आली. सलूनवाल्यानं पहिली काकांच्या हातात ठेवली. "मला मित्र असे तुम्हीच," तो म्हणाला. शत्रूनं दिलेली भेट काखोटीला मारून काका दुकानात परतले.

दुकानातही हल्ली एक नवीनच पीडा सुरू झाली होती. अनोळखी माणसं यायची आणि एखादं आडवळणाचं पुस्तक मागायची. काका सवयीनं म्हणायचे, "नाही." पूर्वी असं म्हटलं की माणूस जायचा. हे लोक जात नसत. गप्प उभे राहायचे आणि मधूनमधून घड्याळाकडे बघायचे. हे नक्की 'दुसरं वाचन'चे हेर असणार, आपला माल बघायला धाडलेले, असा काकांना दाट संशय होता. ते नुसतं उभं राहणं त्यांना सहन होत नसे. मग ते चडफडत शिडी लावायचे, वरून नेमकं तेच पुस्तक काढून द्यायचे आणि हेर खूश होऊन विकत घेऊन जायचे. अशानं विक्री बरीच वाढली होती, पण जळणाऱ्या माणसाला असल्या किरकोळ गोष्टी दिसत नाहीत.

शेवटचा डाव म्हणून काकांनी सापळा रचला. जगात नसलेलं पुस्तक मागायचं. सर्वज्ञपणाचा आव आणून तो 'आहे, पाठवतो' म्हणाला की खोटा पडलाच. सलूनच्या खुर्चीत, गालाला फेस लावलेल्या अवस्थेत, त्यांनी सलूनवाल्याकडून लिहून घेतलं: 'ओल्या लाकडाचे गुणधर्म, भाग दुसरा, हवा आहे.'

वस्तरा उजव्या गालावर असतानाच उत्तर आलं. सलूनवाला वाचू लागला. "'असं पुस्तक कधी पाहण्यात आलं नाही. पण जुन्या बाजाराकडच्या रस्त्यावर, सलूनला लागून एक दुकान आहे. बहुधा तुमच्या शेजारीच. तिथे चौकशी करा. मालक तापट आहेत. पण पुस्तकांची पारख त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही. आधी नाही म्हणतील. तुम्ही काही बोलू नका. दहा मिनिटं नुसते उभे राहा. ते आपणहून शिडी लावतील.'"

बाकावरचे चौघे काकांकडे बघत होते. काकांच्या डोळ्यांपुढून ते सगळे हेर एकेक करून गेले, घड्याळासकट.

"काका, हे तुमच्याबद्दल आहे," सलूनवाला हळूच म्हणाला.

"कळतंय मला!"

"चांगलं लिहिलंय तसं."

"तापट म्हटलंय!" काका ओरडले आणि अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उठले.

खरं तर त्यांना 'पारख' हा शब्द फार आवडला होता. एकोणतीस वर्षांत कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण म्हटलं ते त्यानं, हेच तर दुखणं होतं. मग नवी शंका डोकं पोखरू लागली. आपण आधी नाही म्हणतो, मग दहा मिनिटांनी विरघळतो, हे इतकं आतलं गुपित त्याला कुणी सांगितलं? ते ठाऊक असणारी एकच व्यक्ती जगात होती, आणि तिच्या पर्समध्ये त्याची चिठ्ठी होती!

काकूंच्या पार्सलच्या कागदावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दुकान उघडलंच नाही. वाटेत त्यांनी चार टोचणारी वाक्यं पाठ केली. इमारत जुनी होती, लिफ्ट नव्हती आणि 'दुसरं वाचन' चौथ्या मजल्यावर होतं. वर पोचेपर्यंत चारांतली दोन वाक्यं धापेबरोबर निघून गेली.

दार उघडंच होतं. आत साठीच्या पुढच्या एक बाई, चष्मा केसांत खोचून, टेबलावर वाकून दोरा तोडत होत्या.

"आलात? कधीची वाट बघतेय," वर न बघता त्या म्हणाल्या. "अकरा आहेत. वरची दोन पातळ आहेत, ती दाबली जायला नकोत."

"घरात... ते... दुकानाचे मालक..."

"मालक कुठले? मी आहे आणि पुस्तकं आहेत. आधी ही न्या बरं, नाहीतर गाडी निघून जाईल." आणि त्यांनी काकांच्या हातांवर पार्सलं रचायला सुरुवात केली, थेट हनुवटीपर्यंत. पुस्तकं हातात आल्यावर ती टाकून भांडणं काकांच्या स्वभावात नव्हतं. ते मुकाट्यानं जिना उतरू लागले.

उतरताना नजर पत्त्यांवर गेली. सर्वांत वर भूमितीचे निवृत्त मास्तर, काकांचं एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याखालचे दातांचे डॉक्टर, दर महिन्याला येणारे. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी मान वाकडी करून तिसरा पत्ता वाचला. तो त्यांच्याच घराचा होता. काकूंनी आणखी एक मागवलं होतं. जिन्याच्या कठड्याला टेकून काका थोडा वेळ उभे राहिले. बायकोला येणारी शत्रूची चिठ्ठी आपणच पोचवायला निघालो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

खाली खरा पार्सलवाला भेटला. त्यानं पार्सलं मोजून घेतली आणि आपुलकीनं विचारलं, "नवीन लागलात का? गुडघे सांभाळा, इथं रोजचंच आहे हे."

काका पुन्हा चार मजले चढले. आता पाठ केलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. "मी... पार्सलवाला... नाही," एवढंच ते म्हणू शकले.

बाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगंबाई! जपूनकाका! आणि हे असं अर्धीच दाढी करून?"

"तुम्ही मला ओळखता?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला दुकानातून घालवलं होतं. कोपऱ्यात उभी राहून वाचत होते मी. तुम्ही म्हणालात, 'बाई, हे वाचनालय नाही.'"

काकांनी आठवून पाहिलं. असं ते आठवड्यातून दोनदा म्हणत. "मग... तुम्हाला राग आला असेल."

"छे! बरोबरच होतं तुमचं. आणि आधी नाही म्हणून मग शिडीवर चढता, हेही मी त्याच कोपऱ्यातून बघितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पाटी लावलीत, 'ऊभे राहून वाचू नये.' 'उभे'मधला 'उ' दीर्घ! छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली मी. एकेका वेलांटीसाठी लेखकांशी भांडले. ती पाटी बघितली आणि ठरवलं, परत पाऊल टाकायचं नाही."

काकांचे कान तापले. ती पाटी अजून तिथेच होती.

"तरी माझ्याकडे लोक पाठवता?"

"माझ्या दोन खोल्या. माझ्याकडे नाही ते तुमच्याकडे असणार, हे मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणणार, हेही माहीत आहे." बाई हसल्या आणि मग दोऱ्याचं रीळ उगाच हातात फिरवत राहिल्या. "छापखाना बंद पडला. घरात बोलायला कुणी नाही. म्हणून चिठ्ठ्या लिहिते. हे दुकान म्हणजे तेवढंच. पण आता या जिन्यांनी गुडघे गेले. फार दिवस चालेल असं वाटत नाही."

जपूनकाका शत्रू बंद पाडायला आले होते आणि शत्रू आपणहून बंद पडत होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. टेबलावर एक पुस्तक अर्धवट शिवलेलं पडलं होतं. ते त्यांनी उचललं आणि पाठ हळुवार दाबून पाहिली.

"माझ्या दुकानात खुर्ची आहे एक," ते म्हणाले. "दुकान तळमजल्यावर आहे."

"कुणाची खुर्ची?"

"माझीच. पण मी शिडीवरच असतो बहुतेक."

मंगळवारी बाई आल्या. आल्याआल्या त्यांनी पाटी उतरवली, मागच्या कोऱ्या बाजूवर 'बसून वाचावे' असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि ती पुन्हा टांगली. मंगळवार-शुक्रवार त्या दुकानात बसू लागल्या. अकरा हजार पुस्तकांची यादी होऊ लागली. काका शिडीवरून नाव आणि स्थिती सांगत, बाई लिहीत आणि प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी घालत. ऑनलाइन मागणी आली की पुस्तक दुकानातून निघे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला बघायला म्हणून माणसं दुकानात येत. मास्तर आले, डॉक्टर आले. सलूनवाला दर शुक्रवारी जाहीरपणे पुस्तकाला हात लावून जाई. वर्षअखेर आली आणि गेली. बंद करायचा विषय निघालाच नाही.

घरी मात्र जपूनकाकांचं बोलणं बदललं होतं. ताटावर बसले की सुरुवात होई. "आज बाईंनी काय सांगितलं माहितेय? 'सूचना'मधला 'सू' नेहमी दीर्घ." दुसऱ्या दिवशी, "बाई म्हणतात, स्वल्पविराम द्यायला मन लागतं." मंगळवारी आणि शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालू लागले. एका शुक्रवारी त्यांनी निघताना दोनदा भांग पाडला.

काकूंनी ते दारातून पाहिलं. पुढच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत विणकाम आणि रहस्यकथा. दुकानात त्या पाय ठेवत होत्या तेरा वर्षांनी.

"तू? इथं?" शिडीवरून काका म्हणाले.

"आजपासून मीही बसणार."

"अगं, पण कशाला?"

"कशाला म्हणजे? नवऱ्याचं दुकान आहे. बिलं कोण करतं? काही शिस्त आहे का?" असं म्हणत काकूंनी बिलांच्या टेबलामागे बैठक मारली. तिथून बाईंची खुर्ची सरळ समोर दिसत होती. बाईंनी हसून नमस्कार केला. काकूंनीही केला, पण हसणं जरा मोजूनच.

जपूनकाका शिडीच्या सहाव्या पायरीवर थिजून राहिले. प्रकरण हळूहळू त्यांच्या डोक्यात शिरलं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांच्यावरून कुणी जळलं नव्हतं. जळण्यासारखं त्यांच्यात काही आहे, असं त्यांना स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या छातीत काहीतरी गोड गोड हललं. खाली बाई नुकती लिहिलेली चिठ्ठी वाळवत होत्या.

काकांनी मान वाकवून ती नीट पाहिली, घसा साफ केला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

"वा, बाई! काय शुद्धलेखन आहे हो तुमचं! शोधूनसुद्धा चूक सापडायची नाही!"

बिलांच्या टेबलाचा खण खाडकन बंद झाला.

जपूनकाका शीळ घालत एक पायरी आणखी वर चढले.